तिसऱ्या मजल्यावरचा गुडघा

नको, नको, नको. ताई, तो फोन आधी खाली करा, मग कपाट उचलतो. नाही म्हणजे नाही. टेक रे मेहुण्या, इथेच टेक, मागचा पाय पायरीवर येतोय बघ... हां. आता कसं. मला कळतं हो, तुमच्या मनात वाईट काही नाही, कष्ट करणाऱ्या माणसांचा व्हिडिओ टाकावा, खाली दोन चांगले शब्द लिहावेत, तुमच्या इमारतीच्या बंद लिफ्टचा प्रश्न जगापुढे मांडावा... मांडा ना, कोण नाही म्हणतंय? फक्त मला त्यात घेऊ नका. मी एकदा जगापुढे मांडला गेलोय. तुम्हाला सांगतो, माणसाने एक वेळ दरोडा घालावा, पण व्हायरल होऊ नये. दरोडेखोराला निदान वकील तरी मिळतो. काय झालं म्हणजे? तुम्ही नाही पाहिला? 'उचलमामा'... हां, आलं ना लक्षात? तोच मी. आणि वरच्या बाजूने धरून होता तो हा, माझा मेहुणा. याचं डोकं फ्रेमच्या बाहेर राहिलं म्हणून हा अजून सुखाने दोन घास खातोय.

बसा जरा पायरीवर. कपाट कुठे पळून जात नाही.

तर आमची ही पडद्याच्या कड्या काढायला स्टुलावर चढली आणि स्टुलासकट खाली आली. उजवा गुडघा. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पट्टी सुटली आणि बघतो तर गुडघा वाकेचना, अगदी लाकूड. डॉक्टर म्हणाले, एक दिवसाआड व्यायाम करून घ्या, हीच वेळ आहे, आत्ता वाकला तर वाकला, नाहीतर जन्मभर असा सरळच राहील. आता ही शिलाईवाली. पायमशीनवर. मोटर बसवून घे म्हणाल, तर तिच्यासमोर म्हणून बघा एकदा, मी म्हणून बघितलंय. अर्ध्या वस्तीचे कपडे त्या पायडलवर शिवलेत तिने. गुडघा नाही तर पायडल नाही, पायडल नाही तर ही नाही, असा सरळ हिशोब. ती बोलून दाखवत नव्हती, पण मी बघत होतो ना, खुर्चीत बसल्या बसल्या तिचा चांगला पाय आपला आपण हलायचा, वर-खाली, वर-खाली.

आता तो व्यायाम कुठे? तर मोठ्या दवाखान्यात. फुकट, चांगला, सगळं खरं. पण कितव्या मजल्यावर? तिसऱ्या. तुम्हाला सांगतो, तो दवाखाना कोणी आखला त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. तळमजल्यावर काय? डोळे, कान, दात. म्हणजे ज्यांचे पाय धडधाकट ते सगळे खाली, आणि ज्यांचे पाय मोडलेत ते तिसऱ्या मजल्यावर! आणि लिफ्ट? लिफ्ट बंद. दारावर पाटी, 'तात्पुरती बंद'. तात्पुरती हा शब्द ऑइलपेंटने लिहिलाय, दोन हात मारून, वरून पॉलिश.

मग करायचं काय? माझा धंदा काय? लोकांची घरं हलवणं. कपाटं, फ्रीज, पलंग, एकदा तर एका बाईंचं अख्खं देवघरासारखं नक्षीचं आरशाचं टेबल, सातव्या मजल्यावर, एकही ओरखडा नाही. म्हटलं, बायको काय त्याहून जड आहे? जड आहे, पण ते जाऊ द्या. घरातली दणकट खुर्ची घेतली, तिला पट्टे बांधले, हिला बसवलं, मोडका पाय समोर फळीवर, मी खालच्या बाजूला, वजन खालच्यावर येतं हो, हे लक्षात ठेवा आयुष्यात, हा मेहुणा वरच्या बाजूला, आणि निघालो. वळण आलं की मी नेहमीसारखा ओरडतो, "कोपरा बघ... जपून, काच आहे!" सवय आहे. कपाटात काच नसली तरी ओरडतो, त्याशिवाय हा सांभाळून धरत नाही.

बरोबर होती माझी भाची. कॉलेजात जाते, हुशार पोर, मनाने सोन्यासारखी. तिला आला राग. तो जिना असा आहे बघा की मधोमध लिफ्ट आणि तिच्याभोवती जिना, त्यामुळे प्रत्येक वळणावर ते बंद दार आपल्याकडे बघत असतं. तिने ते सगळं शूट केलं. मी, खुर्ची, ही, मागे बंद दार. आणि खाली लिहिलं, 'लिफ्ट कधी?' बस्स. दोन शब्द. मला म्हणाली, "मामा, आता बघा, आठवड्यात लिफ्ट सुरू होईल." मी म्हटलं, होईल बाई, तुझ्या तोंडात साखर.

संध्याकाळी फोन गरम. दुसऱ्या दिवशी अख्खं जग मला मामा म्हणायला लागलं. आता भाचीने मामा म्हणावं ते ठीक, पण जगाने मामा म्हटलं ना, की समजायचं, जग आपल्याला मामा बनवणार. लाखांनी लोक. आणि काय लिहीत होते? ही एकेक वाचायची आणि मला ऐकवायची. 'असा नवरा हवा!' 'आमचे तर स्वतःचं ताट उचलत नाहीत.' 'खरं प्रेम अजून जिवंत आहे, डोळे भरून आले.' आणि ते माझं ओरडणं, काच आहे, काच आहे... एका बाईने त्यावर कविता केली! म्हणे, तो तिला काच म्हणतो, किती नाजूक हे नातं, वगैरे वगैरे. अहो, मी फ्रीजलासुद्धा काच म्हणतो! एका बिचाऱ्याने तेवढं विचारलं की मागे लिफ्ट दिसतेय, ती का वापरत नाहीत? त्याला सत्तर जणांनी फाडून खाल्लं. 'प्रेमाला लिफ्ट लागत नाही!' म्हणजे बघा, जगात एक माणूस नेमकं बोलला आणि त्यालाच माफी मागून पळावं लागलं.

ही म्हणाली, "गुडघा माझा मोडला आणि नाव यांचं झालं."

आणि लिफ्ट? लिफ्ट बंद.

मग सुरू झाली ती माणसं. तुम्हाला सांगतो, दुखणं परवडलं पण हा कळवळा नको. एक बाई आल्या, काळा चष्मा डोक्यावर, बरोबर माइक धरणारा, दिवा धरणारा. आवाज असा ओला करून मला म्हणतात, "मामा, आम्हाला तुमच्या वेदनेला आवाज द्यायचाय." म्हटलं, वेदनेला आवाज आहे, काल रात्री शेजारपाजाऱ्यांनी ऐकला, तुम्ही लिफ्टला मोटर द्या. तर त्या दिवेवाल्याला म्हणतात, "हे कापून टाकू." दुसरे एक आले, त्यांनी सह्यांची मोहीम काढली. सह्या म्हणजे काय, फोनवर अंगठा टेकवायचा. लाखभर अंगठे टेकले. अहो, त्यातला एक अंगठा, एकच, त्या लिफ्टच्या बटणावर येऊन टेकला असता तरी कळलं असतं की बटण आत जातच नाही! मग मेणबत्त्या. शंभर-दोनशे माणसं मेणबत्त्या घेऊन जिना चढली, गंभीर चेहरे, कोणी बोलत नाही, फक्त फोन वर. वर गेली, खाली आली, घरी गेली. मेण पायऱ्यांवर. दुसऱ्या दिवशी झाडूवाल्या मावशी चमच्याने खरवडत होत्या, आणि कुबडीवाले लोक कठडा धरून भिंतीला चिकटून चढत होते. मावशींना मी म्हटलं, कशाला करतात हो हे? मावशी म्हणाल्या, "त्यांना रात्री झोप लागते चांगली."

पण खरी कमाल पुढे. एक पोरगा होता, लोक त्याला चॅलेंजवाला म्हणतात, त्याचा धंदाच तो, कधी थंड पाण्यात बसून दाखव, कधी उलटं चालून दाखव, जे चाललंय त्यात उडी. त्याने काढलं 'उचल चॅलेंज'. आपल्या आवडत्या माणसाला उचलून तीन मजले चढायचे, आणि शेवटी म्हणायचं, "लिफ्ट कधी?" लिफ्टसाठीच करत होते हो सगळे, माझ्या बायकोसाठी करत होते! आता तीन मजले जगात कुठेही असतात की नाही? तुमच्या इमारतीत नाहीत? पण नाही. त्यांना तोच जिना हवा. तिथेच म्हणे भावना येते. मग काय विचारता, सकाळपासून रांग. नवरा बायकोला उचलतोय, बायको नवऱ्याला उचलतेय, कोणी आईला आणलं, आई म्हणतेय खाली ठेव रे मला, एकाने कुत्रा आणला. चांगला दांडगा कुत्रा, स्वतःच्या चार पायांनी चढून परत याला घ्यायला खाली आला असता.

आणि आम्ही? आम्ही खाली. खुर्ची बांधलेली, ही बसलेली, हा मेहुणा पट्टा खांद्यावर घेऊन उभा. वरचा विभाग दुपारी बंद होतो. मी म्हटलं, अरे बाबांनो, वाट द्या, पेशंट आहे. तर चॅलेंजवाला मला म्हणतो, मला हं, ज्याच्यावरून हे सगळं रामायण झालं त्या मला म्हणतो, "काका, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय."

मी मामाचा काकासुद्धा झालो, कळलंच नाही.

त्या दिवशी व्यायाम चुकला. त्याच्या नंतरचाही चुकला, त्याच्याही नंतरचा. मग एकदा कसेबसे वर पोचलो तर तिथल्या व्यायामवाल्या मॅडमनी गुडघा धरून बघितला. जेवढा वाकायला लागला होता तेवढाही वाकेना. परत निघालो टेम्पोत. मी आपला बडबडतोय, हे असं, ते तसं, आणि एकदम बघतो तर ही खिडकीकडे तोंड करून रडतेय. आवाज नाही, काही नाही. माझी बायको स्टुलावरून पडली तेव्हा रडली नव्हती, ऑपरेशनला नेलं तेव्हा रडली नव्हती. मला म्हणाली, "मशीन विकून टाकू या. धूळ खातंय नुसतं." तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्यासमोर ते लाख लोक आले असते ना त्यांच्या त्या हृदयांसकट, तर मी एकेकाला... जाऊ द्या. चॅलेंजवाल्याला तेवढा मी मनातल्या मनात तिसऱ्या मजल्यावरून सोडला.

तर झालं भलतंच, तो आपला आपणच पडला! खरंच. एका धडधाकट पोरीला उचलून उलटं चढत होता, म्हणजे पाठ वरच्या दिशेला, नवीन काहीतरी करायचं म्हणून. मेण राहिलं होतं कुठेतरी. पोरीला काही झालं नाही, ती उडी मारून बाजूला. याचा घोटा मोडला. आता एवढं झाल्यावर दवाखान्याला हालचाल करणं भागच होतं की नाही? केली. एका दिवसात केली. नवी पाटी. 'जिन्यावरून कोणत्याही व्यक्तीस उचलून नेण्यास सक्त मनाई आहे.' खाली सही, शिक्का. जिन्याच्या तोंडाशी पहारेकरी.

म्हणजे आता बघा, एवढं जग हललं, एवढे अंगठे, एवढ्या मेणबत्त्या, त्यातून निघालं काय? पहिल्यांदा लिफ्ट बंद होती. आता मीसुद्धा बंद.

मी तिथे पहारेकऱ्याशी भांडतोय, आवाज चढलाय, लोक फोन काढायला लागलेत, आणि ही खुर्चीत शांत बसलेली. तेवढ्यात व्यायामवाल्या मॅडम जिन्यावरून खाली आल्या, चहाला निघाल्या असतील. हिने त्यांना हाक मारली. म्हणाली, "मॅडम, तुम्हाला दोन धड पाय आहेत ना?" मॅडम म्हणाल्या, "हो." "मग मी कशाला वर येते? तुम्हीच खाली या ना."

मॅडम थांबल्या. मी थांबलो. पहारेकरी थांबला. अहो, इतक्या दिवसांत हे कोणाच्या डोक्यात आलं होतं? लाख लोक, कविता, मोहीम, माझं स्वतःचं हे डोकं, माझा धंदाच उचलण्याचा, मला उचलण्यापलीकडे काही दिसतच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "लागतं तरी काय? सतरंजी आणि वाळूची पिशवी. आणते." बस्स. दुसऱ्या दिवसापासून तळमजल्यावर, औषधाच्या खिडकीच्या पलीकडे बोळ आहे, तिथे सतरंजी टाकली. ही, दोन कुबडीवाले आणि एक म्हातारे मास्तर. कोणी शूट केलं? कोणीही नाही. काय शूट करणार, चार माणसं सतरंजीवर पडून पाय वर करतायत. पण गुडघा वाकायला लागला. आज बोटभर, उद्या बोटभर. एक दिवस घरी आलो तर आतून आवाज... खट खट खट खट... पायडलचा. हळू होता, अडखळत होता, पण होता. मी दाराबाहेरच उभा राहिलो. हा मेहुणा साक्षीला आहे, विचारा त्याला, मी तिथे चक्क डोळे पुसले.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती की नाही? शहाण्या जगात संपली असती.

पण त्या सतरंजीवर एक दिवस नवा पेशंट आला. घोट्याला प्लास्टर होतं ते निघालेलं, हातात कुबडी. कोण? चॅलेंजवाला. मला बघून ओशाळला, हिला बघून म्हणाला, "काकू, सॉरी हं." हिने त्याला बसायला जागा करून दिली. बायकांचं मन हे असं. मॅडमनी त्याचाही पाय धरला, व्यायाम दिला, सगळं नीट चाललेलं. दोन दिवस बरा राहिला हो! तिसऱ्या दिवशी त्याला खाज सुटली. फोन काढला, सतरंजी दाखवली, मास्तरांचे वर केलेले पाय दाखवले, आणि भरल्या गळ्याने म्हणतो, "मित्रांनो, बघा, आज माझ्यावर बोळात, जमिनीवर उपचार होतायत. माझं सोडा, या म्हाताऱ्या माणसाकडे बघा. ही माणुसकी आहे का?" मास्तर बिचारे फोनकडे बघून हसले, त्यांना वाटलं फोटो काढतोय.

तुम्ही मघाशी विचारलंत ना ताई, व्हिडिओ टाकून काही फरक पडतो का? पडतो! कोण म्हणतं पडत नाही? लिफ्टच्या व्हिडिओला लाखांनी लोक आले, पान हललं नाही. सतरंजीच्या व्हिडिओला दुसऱ्या दिवशी सकाळी हुकूम. 'रुग्णांवर जमिनीवर उपचार खपवून घेतले जाणार नाहीत, सर्व उपचार यापुढे विभागातच होतील.' विभाग कुठे? तिसऱ्या मजल्यावर. मॅडमना तर म्हणे जाब विचारला. सतरंजी गुंडाळली. व्हिडिओखाली लोक लिहितायत, 'अखेर जाग आली!' 'आपल्या एकजुटीचा विजय!' जोडीला ती फोनवरची चित्रं, हात वर केलेले, झेंडे, काय विचारू नका.

आणि लिफ्ट? सांगा ना तुम्हीच.

मग काय, परत खुर्ची, परत पट्टे. पहारेकरी भला माणूस, तो म्हणाला, मी आता जरा त्या बाजूला तोंड करून उभा राहतो. आम्ही हिला उचललं. पहिल्या वळणावर टेकवलं, दम घ्यायला, आणि वळून बघतो तर खाली जिन्याच्या तोंडाशी हा पोरगा, कुबडीवर उभा. व्यायाम त्यालाही हवाच ना. वर बघतोय. चेहरा एवढासा. म्हणतो, "मामा, मला पण न्याल का?"

आता काय म्हणावं? मी मेहुण्याकडे बघितलं, मेहुणा भिंतीकडे बघायला लागला. हीच म्हणाली, "आणा त्याला. पोरगं आहे, पाय वाकडा राहील जन्माचा." मग हिला वर ठेवून आलो, दुसरी खुर्ची नाही म्हणून तीच खाली आणली, त्याला बांधलं, उचललं. आणि बघा हं, जित्याची खोड! निघण्याआधी मेहुण्याच्या हाती फोन वर पाठवला, म्हणतो, "काकूंना सांगा, वरून तेवढं शूट करा, मी केलेली चूक सुधारायचीय, लिफ्टसाठी शेवटचा मोठा व्हिडिओ टाकू."

हिने केलं. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी बाकावर बसून, हात न हलवता, मन लावून, टाका घालावा तसं. आम्ही वर पोचेपर्यंत. त्याने अधीर होऊन फोन घेतला, बघितला, तर त्यात मी नाही, तो नाही, जिना नाही, कोणी नाही. पूर्ण वेळ लिफ्टचं बंद दार. फक्त दार. आणि पाटी. तो म्हणाला, "काकू, यात काहीच होत नाहीये." ही म्हणाली, "तेच तर."

टाकला त्याने. खरंच टाकला, शब्दाचा पक्का निघाला. किती जणांनी पाहिला असेल? अंदाज करा. अकरा. त्यातला एक मी, एक भाची, एक हा मेहुणा, आणि त्यात एकाने खाली लिहिलं, 'भाऊ, तुमचा व्हिडिओ अडकलाय.'

असो. आम्ही अजून नेतो हिला, एक दिवसाआड. पहारेकरी अजून तोंड फिरवतो. पायडल चालतंय, हळू चालतंय. चल रे मेहुण्या, पट्टा घे, झाली विश्रांती. मी खाली, तू वर. आणि ताई, तुम्ही तो फोन अजून हातात धरलाच आहे तर असं करा, बॅटरी लावा आणि इथे पायरीवर धरा. वळणावर अंधार आहे.